बिनशेती ते पिवळा पट्टा : साष्टीतील जमीनवापराच्या नियमांचा इतिहास

वांद्रे किंवा विलेपार्ले येथील एखाद्या जुन्या भूखंडाची कागदपत्रे पाहावयास घेतली, तर अनेकदा एकाच जमिनीला तीन क्रमांक आढळतात. महसुली दप्तरातील सर्व्हे नंबर व हिस्सा, नगररचना योजनेतील अंतिम भूखंड क्रमांक आणि नगर भूमापनातील मिळकतपत्रिकेवरील क्रमांक. शिवाय विकास आराखड्यातील पिवळा, निळा, जांभळा किंवा हिरवा रंग हा चौथा दाखला. जमीन तीच, पण ती पाहणारी कार्यालये चार. या चार नजरा एकाच वेळी निर्माण झाल्या नाहीत. त्या एकामागून एक आल्या आणि नवी आली म्हणून जुनी गेली असेही घडले नाही. उपनगरातील जमीनवापराचे नियम सामान्य नागरिकास अनाकलनीय वाटतात याचे एक मोठे कारण या थरांमध्ये आहे.

प्रस्तुत लेखात साष्टी बेटाचा, म्हणजे आजचे मुंबई उपनगर, ठाणे शहराचा खाडीअलीकडील भाग व मिरा-भाईंदर या प्रदेशाचा विचार केला आहे. या विषयावरील लेखनात सर्वसाधारणपणे आराखडा चांगला होता, अंमलबजावणी बिघडली, अशी मांडणी असते. ती अगदीच चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. माझ्या मते येथील विभागनियमनाचा जन्म नगररचनेच्या कल्पनेतून जितका झाला, त्याहून अधिक महसुलाच्या हिशेबातून झाला. वापर बदलला की आकार बदलावा, ही महसूल खात्याची मूळ धारणा पुढील प्रत्येक कायद्यात वेष बदलून राहिली. येथे मनाई ही बहुधा कायमची नसते. तिला एक दर असतो.

या धारणेचा पहिला ठळक पुरावा १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात मिळतो. त्यातील ४८ व्या कलमाने जमिनीचा आकार तिच्या वापराशी जोडला : शेती, इमारत व अन्य कारण अशी ती विभागणी होती. ६५ व्या कलमान्वये शेतीच्या जमिनीचा अन्य कारणासाठी वापर करावयाचा झाल्यास कलेक्टरची परवानगी घेणे बंधनकारक झाले. अर्ज केल्यावर तीन महिन्यांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे, ही तरतूदही त्यातच होती. लोकांच्या तोंडी ‘बिनशेती’ हा शब्द रुळला तो येथून. पुढे तो ‘एनए’ झाला आणि आज भूखंडांच्या जाहिरातींत त्याचे मराठी मूळ कोणास आठवतही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. घर कोठे असावे, कारखाना कोठे असावा, शेजाऱ्याला प्रकाश व वारा मिळावा की नाही, हे या कायद्याचे मुख्य प्रश्न नव्हते. परवानगीच्या सनदेत बांधकामाविषयी अटी घालता येत होत्या हे खरे, परंतु कायद्याचा रोख शेतसाऱ्याच्या ठिकाणी अधिक आकार वसूल करण्याकडे होता. विनापरवाना वापर करणारा हा शेजाऱ्यांचा वा नगराचा अपराधी नव्हता, तो खजिन्याचा देणेकरी होता. म्हणून त्याच्यावर दंड बसे आणि दंड भरून वापर नियमित होण्याची वाट मोकळी राही.

हा कायदा आला तेव्हा साष्टी अजून ठाणे जिल्ह्याचा भाग होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती आणि १८६७ साली पश्चिमेकडील लोहमार्गावरून विरारपर्यंत गाडी धावू लागली होती. तरी भातशेती, मिठागरे, ताडमाडांच्या वाड्या आणि आगरी, कोळी, भंडारी, कुणबी व ख्रिस्ती रहिवाशांची गावठाणे हेच बेटाचे रूप होते. डोंगराळ भागांत वारली व अन्य आदिवासींचे पाडे होते. १८९६ च्या प्लेगने मुंबईकरांचे लक्ष या मोकळ्या जमिनीकडे वेधले. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहरात रस्ते काढले, दादर-माटुंग्यास वसाहती आखल्या. मात्र त्या ट्रस्टचे क्षेत्र माहीमच्या खाडीपाशी संपत होते. खाडीपलीकडे जमीन विकत घेणारे, तिचे तुकडे पाडणारे आणि त्यांवर बंगले बांधणारे यांना आवर घालणारे साधन कलेक्टरच्या सनदेपलीकडे फारसे नव्हते.

१९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम या पोकळीत आला. हा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा होय. इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्याचा आणि जर्मनीतील भूखंड-पुनर्रचनेच्या पद्धतीचा त्यावर प्रभाव होता. योजना साधी होती, आणि तिच्या निर्मात्यांना श्रेय द्यावे इतकी कल्पक होती. वेडेवाकडे, बांधांनी कापलेले शेतीचे तुकडे एकत्र घ्यावयाचे, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांस परत द्यावयाची. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होई, परंतु तिची किंमत वाढे. त्या वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम अंशदान म्हणून मालकांकडून घेता येई आणि त्यातून योजनेचा खर्च भागवावयाचा असे. वाद सोडविण्यास लवाद होता. वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे अशा योजना झाल्या. वांद्र्याच्या पत्त्यांत आजही दिसणारी ‘टी.पी.एस.’ ही अक्षरे आणि केवळ क्रमांकाने ओळखले जाणारे रस्ते ही त्याच आखणीची खूण आहे.

या योजनांनी उपनगरास जे दिले ते कमी लेखण्याचे कारण नाही. जेथे योजना झाली तेथील रस्त्यांची रुंदी आणि जेथे झाली नाही तेथील गल्ल्या यांतील फरक पायी हिंडणाऱ्यासही कळतो. परंतु योजनेच्या मेजावर बसण्याचा अधिकार मालकास होता. जमीन कसणारे कूळ, वाडीतला मजूर, गावठाणातील कोळी कुटुंब यांना भूखंड नव्हता, म्हणून अंशदान नव्हते आणि म्हणून आवाजही नव्हता. योजनेची रेषा बहुधा गावठाणाच्या कडेने वळसा घालून गेली. आत दाट वस्ती, अरुंद वाटा, सामाईक विहीर. बाहेर मोजून आखलेले भूखंड. ठाणे, वांद्रे यांसह इलाख्यातील काही शहरांविषयी १९१५ च्या सुमारास अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडिस हे जुन्या वस्तीची मोडतोड न करता तिची हळूहळू दुरुस्ती करण्याच्या मताचे होते. पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. नियमांच्या पुस्तकात मात्र त्यांची दृष्टी फारशी उतरली नाही.

१९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९५० साली जवळची उपनगरे आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा विस्तार बृहन्मुंबईत सामील झाला. १९५१ च्या कायद्याने साष्टीतील मोठ्या इस्टेटींची महसूलमाफी संपुष्टात आली व लागवडीखाली वा वापरात न आणलेल्या त्यांच्या पडीक जमिनी शासनाकडे गेल्या. पडीक कोणती आणि वापरातील कोणती, यावरचे दावे पुढे पिढ्यानपिढ्या चालले. म्हणजे येथेही ‘वापर’ हाच कळीचा शब्द.

संपूर्ण शहराचा एकच नकाशा असावा ही कल्पना कायद्यात आली ती १९५४ च्या अधिनियमाने. तो १९५७ पासून अमलात आला. तोवर नगररचना तुकड्यातुकड्यांनी होत होती, आता प्रत्येक स्थानिक संस्थेस विकास आराखडा तयार करणे भाग पडले. बृहन्मुंबईचा पहिला आराखडा १९६४ साली प्रसिद्ध झाला आणि १९६७ पर्यंत मंजूर झाला. निवासी, व्यापारी, औद्योगिक, हरित असे पट्टे, शाळा-उद्यानांची आरक्षणे आणि चटई क्षेत्र निर्देशांक ही त्रयी त्याबरोबर उपनगरात स्थिरावली. निर्देशांकाचा अर्थ सोपा आहे : निर्देशांक एक असेल, तर हजार चौरस मीटर भूखंडावर सर्व मजल्यांचे मिळून हजार चौरस मीटर बांधकाम. त्याच दशकात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आला. शहरांच्या हद्दीबाहेर पाहणारी प्रादेशिक योजना ही त्याची विशेष देणगी असून, मुंबई महानगर प्रदेशाची पहिली योजना १९७३ साली मंजूर झाली.

परंतु १९६६ हेच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचेही वर्ष आहे. त्या संहितेने १८७९ ची बिनशेती परवानगी ४२ व ४४ या कलमांत जशीच्या तशी चालू ठेवली. एकाच विधिमंडळाने एकाच वर्षी एका हाताने जमिनीच्या वापराची योजना आखली आणि दुसऱ्या हाताने वापरबदलाची जुनी पावती कायम केली! त्यामुळे आराखड्यात जमीन पिवळ्या पट्ट्यात असली, तरी कलेक्टरची परवानगी निराळी लागे. आणि कलेक्टरची परवानगी मिळाली, तरी नगरपालिकेचा बांधकाम दाखला निराळा. १९७९ साली रूपांतर कराची भर पडली. मंजूर विकास आराखड्याच्या क्षेत्रात पुन्हा स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज नाही, असे सांगणारे ४२-अ कलम येण्यास २०१४ उजाडले. ‘आपली जमीन एनए आहे, मग घर अनधिकृत कसे?’ हा प्रश्न विचारणारा खरेदीदार अडाणी नव्हता. राज्याने दोन भाषांत लिहिलेल्या मजकुरातील एकच पान त्याने वाचले होते.

आता दराचा मुद्दा. १९६७ च्या आराखड्याने शेकडो जमिनींवर सार्वजनिक आरक्षणे टाकली. त्या संपादन करण्यास लागणारा पैसा मात्र पालिकेकडे कधीच पुरेसा नव्हता. १९६६ च्या अधिनियमातील १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जमीन संपादन न झाल्यास मालकाने सूचना द्यावी आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपावे, अशी व्यवस्था आहे. २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ कागदी पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे, असा अर्थ लावला. मालकाच्या दृष्टीने यात न्याय आहे. कारण वर्षानुवर्षे ना मोबदला ना वापर, ही अवस्था कोणाही कुटुंबावर लादता येत नाही. परंतु त्याच नकाशावर मैदान पाहून जवळ घर घेणाऱ्याचे मैदान त्या दिवशी गेले.

या पेचावर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तोडगा काढला तो हस्तांतरणीय विकास हक्काचा. मालकाने आरक्षित जमीन पालिकेस द्यावी, मोबदल्यात पैशाऐवजी बांधकामाच्या हक्काचे प्रमाणपत्र घ्यावे आणि ते बाजारात विकावे. पालिकेची तिजोरी न उघडता जमीन मिळू लागली, ही गोष्ट खरीच. मात्र हा हक्क मुंबई बेटावर, वारसा इमारतींसारखे अपवाद वगळता, वापरता येत नव्हता. तो उतरवायचा होता उपनगरांत. तेथे मूळ निर्देशांक एक होता, तो या प्रमाणपत्रांच्या बळावर दोनपर्यंत जाऊ लागला. १९२० च्या दशकात बंगल्यांसाठी आखलेल्या रस्त्यांवर बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. जे अंशदान एकेकाळी रस्ता बांधण्यासाठी मालकाकडून घेतले जात होते, त्याची जागा आता अशा हक्काने घेतली, जो त्याच रस्त्यावर भार टाकत होता. १९१५ आणि १९९१ यांमधील हे उलटे वळण उपनगराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, असे मला वाटते. त्याची चर्चा आजवर बांधकाम व्यवसायाच्या अंगाने झाली, नागरी इतिहासाच्या अंगाने फारशी झाली नाही.

पुढची यादी त्याच वाटेने जाते. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी ठरावीक अटींवर औद्योगिक पट्ट्यातून निवासी वापरात आल्या; भांडुप-मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग आणि ठाण्याचा पोखरण रस्ता यांचे बदललेले रूप हा त्याचा परिणाम. अधिमूल्य भरून मिळणारा वाढीव निर्देशांक आला. २००१ साली गुंठेवारी नियमित करणारा कायदा झाला, २००६ साली शेजारच्या उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला, आणि २०१७ साली १९६६ च्या अधिनियमात ५२-अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे प्रशमन शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला मुंबईचा प्रारूप आराखडा चुकांवरील गदारोळानंतर मुख्यमंत्र्यांनी रद्द केला. सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला. त्यात पूर्वीच्या ‘ना-विकास क्षेत्रा’पैकी बऱ्याच भागास ‘विशेष विकास क्षेत्र’ असे नाव मिळाले. शब्दांची ही अदलाबदल पुरेशी बोलकी आहे.

दर आकारणारी व्यवस्था न्याय्य असू शकते, अशी एक बाजू आहे आणि ती मी नाकारीत नाही. नियम मोडलेल्या इमारतीतील शेकडो कुटुंबांना रस्त्यावर आणण्यापेक्षा शुल्क घेऊन त्यांना कायद्याच्या कक्षेत आणणे अधिक माणुसकीचे ठरते. अडचण ही, की दर भरण्यासाठी आधी कागद लागतो. गावठाणातील घराला सातबारा नसतो. शेतसारा नाही म्हणून १८७९ च्या कायद्याने गावठाणाची केवळ बाहेरची हद्द आखली, आतले घर न घर मोजले नाही. पुढे नगर भूमापन झाले, त्यात अनेक घरे सामाईक वा जुन्या पूर्वजाच्या नावावरच राहिली. पुनर्बांधणीचा अर्ज करावयाचा तर सर्व वारसांच्या सह्या हव्यात, समासातील अंतरे हवीत, समोर पुरेसा रुंद रस्ता हवा. आणि वाट तर दोन माणसांची. उपनगरातील सर्वांत जुने रहिवासी नियमांच्या हिशेबात सर्वांत अनियमित ठरतात, ते असे.

ठाण्याचे उदाहरण वेगळ्या अंगाने पाहण्यासारखे आहे. १८६३ पासून नगरपालिका असलेल्या या शहराची महानगरपालिका १९८२ साली झाली आणि आसपासची अनेक गावे हद्दीत आली. महानगरपालिकेचा विकास आराखडा मंजूर झाला तो १९९९ साली. मधल्या सतरा वर्षांत लोक थांबले नाहीत, थांबणे शक्यही नव्हते. मुंबईत न परवडणारा कारकून, गिरणी बंद पडलेला कामगार, गावाकडून आलेला कारागीर यांनी जेथे खोली मिळाली तेथे घेतली. खाडीपलीकडे, पण ठाणे महानगरपालिकेच्याच हद्दीत, मुंब्र्याजवळ शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. तीत लोक राहावयासही आले होते. समूह विकास योजनेची मागणी त्यानंतर तीव्र झाली. ठाण्यासाठी ती २०१७ साली मंजूर झाली. नियम आणि माणूस यांतील अंतराचे मोजमाप चौरस मीटरमध्ये होत नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयात अभ्यासाची एक सोपी पण अजून न चाललेली वाट आहे. स्थानिक इतिहास म्हटला की आपण किल्ला, देऊळ, चर्च वा एखादे घराणे घेतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या एका गटास एकच भूखंड द्यावा. तलाठ्याकडील सातबारा व जुने फेरफार, मिळकतपत्रिका, योजनेचा नकाशा आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा हे सर्व कागद मागून मिळण्यासारखे आहेत. भूगोलाचा विद्यार्थी नकाशे एकमेकांवर ठेवील, अर्थशास्त्राचा आकारणीचे दर काढील, राज्यशास्त्राचा हरकती व सूचनांच्या सुनावणीची कागदपत्रे शोधील. ही साधने मंजूर आराखड्यापेक्षा अधिक बोलतात. मंजूर आराखड्यात राज्याला काय हवे होते ते कळते; फेरफारात आणि कलम ३७ खालील बदलांच्या अधिसूचनांत प्रत्यक्षात काय झाले, कोणाच्या अर्जावरून झाले आणि केव्हा, ते कळते.

फेरफाराच्या एका नोंदीचे वजन केवढे असू शकते, हे मुलुंड व परिसरातील रहिवाशांनी अनुभवले आहे. १९५० च्या दशकात भारतीय वन अधिनियमाच्या ३५ व्या कलमाखाली काही जमिनींच्या मालकांस नोटिसा निघाल्या होत्या. पुढे कार्यवाही झाली नाही. दरम्यान त्या जमिनी विकास आराखड्यात निवासी पट्ट्यात दाखविल्या गेल्या, बांधकामाचे दाखले मिळाले, इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी कर्जे काढून घरे घेतली. २००५-०६ च्या सुमारास महसुली दप्तरात या जमिनी १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमाने शासनाच्या झाल्याची नोंद होऊ लागली. २००८ साली उच्च न्यायालयाने शासनाची बाजू मान्य केली. ज्यांच्याकडे प्रत्येक कार्यालयाचा शिक्का होता, ती कुटुंबे एका रात्रीत वनजमिनीवरील रहिवासी ठरली; घर विकता येईना. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉईस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. केवळ अर्धशतकापूर्वीच्या नोटिशीच्या आधारे ही जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निर्वाळा त्यात मिळाला.

मुलुंडच्या जकात नाक्यावर आता जकात नाही, पण नियमांची हद्द तेथेच आहे. नाक्याच्या अलीकडे मुंबईची २०३४ ची नियमावली, पलीकडे ठाण्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेली राज्याची एकत्रित नियमावली. भातशेतीच्या काळात या दोन्ही बाजूंचे खाचर एकाच ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात होते आणि बिनशेतीची सनद देणारा कलेक्टरही एकच होता.